लोटाने 'आपल्यासाठी' निवडलं, त्यात त्याचं चुकलं काय?

माळरान
गेले तीन आठवडे बायबलमधल्या 'उत्पत्ती' या पुस्तकाचा तेरावा अध्याय डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा काढतोय.

ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अब्राम आणि त्याचा पुतण्या लोट मिसर देशातून (इजिप्तमधून) परत आलेत आणि बेथेल आणि आय यांच्या मधल्या डोंगरावर उतरलेत. लोटाचा बाप हारान हा ऊर गावीच वारला. तेव्हापासून हे पोर आधी आजोबा तेरहाच्या आणि मग काकाच्या पाठीशी आहे. काकाला मूलबाळ नाही. दोघांचीही शेरडं-मेंढरं, गुरं आता इतकी वाढलीत की एका रानात भागत नाही. गुराख्यांची रोज भांडणं. तेव्हा काका म्हणतो, आपण भाऊबंद आहोत, आपल्यात तंटा नको. सगळा मुलूख पुढे पडलाय. तू डावीकडे गेलास तर मी उजवीकडे जाईन, तू उजवीकडे गेलास तर मी डावीकडे.

लोट डोळे वर करून पाहतो. खाली यार्देन नदीचं खोरं, सोअरपर्यंत हिरवंगार, परमेश्वराच्या बागेसारखं, मिसर देशासारखं. तो ते घेतो आणि पूर्वेला निघून जातो. काका डोंगरावर राहतो. त्या खोऱ्यातलं सदोम, जिथे लोट राहिला, ते पुढे देवाने आग पाडून नष्ट केलं, हे बहुतेकांना ठाऊक आहे.

मूळ हिब्रूत शब्द आहेत 'वय्यिव्खर लो लोट', म्हणजे लोटाने आपल्यासाठी निवडलं. नुसतं 'निवडलं' म्हटलं असतं तरी चाललं असतं. हे 'लो', आपल्यासाठी, मला टोचतंय. पण काकानेच तर आधी निवड म्हटलं होतं! मग चांगलं ते घेणाऱ्याचा दोष काय?

प्रश्न पुस्तकी नाही हेही सांगून टाकतो. मी काकांच्या हाताखाली वाढलो. आमच्याकडे आता वाटणी चालली आहे. गेल्या महिन्यात काकांनी गटाचा नकाशा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "तू आधी सांग." एका बाजूला कालवा आणि रस्ता आहे, दुसऱ्या बाजूला माळ. मला कालव्याची बाजू हवी आहे आणि तोंड उघडत नाहीये.

ओसरी
आमच्याकडे वाटे थोरल्याने पाडायचे आणि उचलायचं धाकट्याने आधी, अशी रीत होती. त्यामुळे थोरला वाटे अगदी तोलून पाडायचा! अब्रामाने वाटे पाडलेच नाहीत, नुसतं डावं-उजवं म्हटलं. तिथेच गडबड झाली.

गणितमास्तर
लोटाला खलनायक करायच्या आधी बारावा अध्याय वाचा. दुष्काळ पडला म्हणून अब्राम मिसरात गेला, आणि जाताना, बायकोपायी आपल्याला मारतील या भीतीने तिला म्हणाला, "तू माझी बहीण आहेस असं सांग, म्हणजे तुझ्यामुळे माझं बरं होईल." साराय फारोच्या वाड्यात गेली आणि त्याबदल्यात अब्रामाला मेंढरं, गुरं, गाढवं, उंट, दासदासी मिळाल्या. तेराव्या अध्यायात ज्या गुरांनी रान पुरेना, त्यांतली बरीचशी तिथूनच आलेली. म्हणजे घर फुटायला जी संपत्ती कारण झाली ती काकाच्या स्वार्थी निवडीतून आली होती. पुतण्याने ते सगळं पाहिलं होतं. 'आपल्यासाठी' म्हणजे काय ते तो घरातच शिकला.

शब्दवेडी
@गणितमास्तर, मुद्दा पटला, आणि यात एक भर घालते. अकराव्या शतकातला फ्रान्समधला मोठा भाष्यकार राशी एके ठिकाणी विचारतो की सदोमाच्या नाशातून देवाने अब्राहामाची (हे अब्रामाचंच पुढचं नाव) आठवण ठेवून लोटाला वाचवलं, म्हणजे नेमकी कसली आठवण? त्याचं उत्तर असं, की मिसरात अब्राम बायकोला बहीण म्हणत होता तेव्हा लोटाला खरं माहीत होतं. तो बोलला नाही. काकाचं गुपित त्याने राखलं. एका शब्दात काकाचा जीव गेला असता आणि सगळी गुरं पुतण्याची झाली असती. तेव्हा हा माणूस मुळातच लोभी होता असं सरसकट म्हणता येत नाही.

आता मूळ प्रश्न. मला 'लो'पेक्षा दुसरीच गोष्ट जास्त बोचते. अख्ख्या तेराव्या अध्यायात लोट एक शब्दही बोलत नाही. काका एवढं बोलतो, आपण भाऊ आहोत म्हणतो. त्यावर पुतण्याचं उत्तर नाही. "काका, तुम्ही आधी" नाही, "वेगळं कशाला व्हायचं, गुरं कमी करू" नाही, येतो म्हणूनही नाही. डोळे वर केले, पाहिलं, निवडलं, निघाला. शास्त्रात लोटाचं पहिलं वाक्य येतं ते एकोणिसाव्या अध्यायात, सदोमाच्या वेशीत, दोन अनोळखी पाहुण्यांशी.

नदीकाठ
मी गुरं राखलेला माणूस आहे, तेव्हा मला लोटाची बाजू मांडू द्या.

बेथेलचा डोंगर समुद्रसपाटीपासून साधारण ८५०-९०० मीटर उंच. मृत समुद्राचा काठ समुद्रसपाटीच्या खाली सुमारे ४३० मीटर. मध्ये अंतर जेमतेम पंचवीस-तीस किलोमीटर. एवढ्यात तेराशे मीटरचा उतार. वर जे पाणी आहे ते पावसाचं, हिवाळ्यात चार महिने पडेल तेवढं, आणि खडकात खोदलेल्या टाक्यांत साठवाल तेवढं. पाऊस चुकला की खेळ खलास. खाली यरीहोसारख्या ठिकाणी बारमाही झरे आहेत. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात मोशे आपल्या लोकांना हाच फरक सांगतो: मिसरात भाजीच्या मळ्यासारखं पायाने पाणी द्यायचात, हा देश मात्र आभाळाचं पाणी पितो.

नुकताच दुष्काळाने देशोधडीला लागून परत आलेला गुराखी आहे. त्याच्यापुढे दोन रानं आहेत, एक आभाळाच्या भरवशावरचं आणि एक बारमाही पाण्याचं. तो दुसरं घेणार. त्याच्या मेंढरांचं भलं त्यातच आहे, त्याच्या माणसांचंही. याला स्वार्थ म्हणायचं असेल तर प्रत्येक शेतकरी स्वार्थी आहे.

फक्त एक गोष्ट मी केली नसती. पाणी बघितलं तसे शेजारी कोण आहेत तेही बघितलं असतं. गावात जागा घेताना आमची आजी आधी विचारायची, "वाटेत विहीर कुणाची?" तेराव्या वचनात सरळ म्हटलंय की सदोमचे लोक अति दुष्ट होते. लोटाने ती चौकशी केल्याचं कुठे दिसत नाही.

पारिजात
"वाटेत विहीर कुणाची" हे मी आता जन्मभर वापरणार.

शब्दवेडी
@नदीकाठ, तुमच्या गुराख्यांबद्दल एक गंमत. वचनात भांडणाचं कारण दिलेलं नाही. जुन्या कथा ते भरून काढतात. अब्रामाची जनावरं तोंडाला मुसकी बांधून बाहेर पडायची, दुसऱ्याच्या शेतात तोंड घालू नयेत म्हणून. लोटाची मोकळी. अब्रामाच्या गुराख्यांनी हटकलं तर लोटाचे गुराखी म्हणायचे, "हा देश अब्रामालाच मिळणार आहे, आणि त्याला मूल नाही. वारस लोटच. मग आपलंच खातोय!" पण त्याच वचनाच्या शेवटी लिहिलंय की त्या वेळी देशात कनानी आणि परिज्जी राहत होते. म्हणजे जमीन अजून दुसऱ्यांची होती.

काकाच्या मरणाआधीच वारसाहक्क धरून चालणं, हे मला खोऱ्याच्या निवडीपेक्षा जास्त ओळखीचं वाटलं.

नदीकाठ
मुसकी! आमच्याकडे मळणीला बैलांना बांधायचे. बरोबर आहे, दुसऱ्याच्या बांधावरून जाताना ज्याची जनावरं मोकळी त्याच्याशीच भांडण. पण अनुवादातच आहे ना, मळणी करणाऱ्या बैलाला मुसकी बांधू नका?

शब्दवेडी
आहे, पंचविसाव्या अध्यायात. स्वतःच्या खळ्यावर बैलाला खाऊ द्या, दुसऱ्याच्या शेतात नको. दोन्ही एकाच माणुसकीतून आलेलं.

टिवल्याबावल्या
मराठीत हे नाव वाचताना मला कायम 'धुराचे लोट' आठवतात. आणि म्हाडाची लॉटरी. काकाने ठेवलेली सोडत, पुतण्याला लागलेलं पहिलं घर!

शब्दवेडी
@टिवल्याबावल्या, धुराचं तुम्ही सहज म्हणालात, पण तो प्रसंग आहेच तिथे. नाशाच्या सकाळी अब्राहाम लवकर उठून उंचावर जातो आणि खाली पाहतो, तर भट्टीच्या धुरासारखा धूर सगळ्या खोऱ्यातून वर चाललाय. लोटाने जिथून हिरवं खोरं पाहिलं होतं तशाच उंचीवरून आता काका धूर पाहतोय. मराठी वाचकाला त्या वचनात धुराचे लोट आणि लोट एकत्रच दिसणार, त्याला इलाज नाही. हिब्रूत 'लोट' म्हणजे झाकण, आच्छादन. यशयाच्या पंचविसाव्या अध्यायात तो शब्द त्या अर्थाने येतो.

आणि त्या सकाळीबद्दल अजून एक. लोट जिवंत सुटला हे आपल्याला, वाचकांना, कळतं. अब्राहामाला कळलं असं कुठेही लिहिलेलं नाही. तो धूर पाहतो, आणि पुढच्या अध्यायात मुक्काम हलवून दक्षिणेकडे निघून जातो. काका-पुतण्याची भेट पुन्हा नाही.

माळरान
हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आज इथेच थांबतो.

मीठभाकर
मी इस्राएलमध्ये दिमोनात राहते. इथे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून आलेल्या मराठी ज्यूंची, घरं पुष्कळ आहेत, घरात मराठी बोलणारी आमची पिढी अजून आहे. त्या खोऱ्यातून आमचं जाणं-येणं असतं म्हणून लिहिते.

मृत समुद्राच्या दक्षिण टोकाला सदोमचा डोंगर आहे, मिठाचा. वर मातीचा पातळ थर, आत मीठ. पावसाने त्यात गुहा पडल्यात. भिंतीला हात लावला तर गार लागतो, थोडा ओलसर, आणि बोट जिभेला लावलं की खारट, कडसर. रस्त्यावरून एक सुटा सुळका दिसतो, त्याला लोटाची बायको म्हणतात, कारण सदोमातून पळताना तिने मागे पाहिलं आणि ती मिठाचा खांब झाली. लहान मुलं हमखास विचारतात, तिने मागे का पाहिलं? माझी नात पाच वर्षांची होती. ती स्वतःच म्हणाली, "तिच्या मोठ्या मुली मागे राहिल्या असतील." ते खोटं नाही. लोट जावयांना उठवायला गेला होता, त्यांना वाटलं सासरा थट्टा करतोय. ते आलेच नाहीत. जुने भाष्यकारही म्हणतात की लग्न झालेल्या मुली गावातच राहिल्या. आई मागे बघणार नाही तर काय करणार?

आमची मंडळी अलिबागजवळच्या गावातून आली. तेल्याचा घाणा होता, शनिवारी बंद. आजोबांना दोन भाऊ. ते आणि मधले भाऊ इकडे आले, धाकटे तिकडेच राहिले. जाताना आजोबांनी घराचा आपला हिस्सा विकून पैसे घेतले. आयुष्यभर त्यांना वाटत राहिलं की आपण लोटासारखे निघालो. धाकट्या भावाची पत्रं यायची मोडीत आणि बाळबोधीत मिसळून, त्यात कधी तक्रार नसायची, आणि आजोबांना ते जास्त लागायचं. घरात ते पवित्र शास्त्रातली कीर्तनं म्हणायचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आमच्या लोकांत मराठी कीर्तनाची परंपरा आहे, साकी, दिंडी, ओव्या, सगळं आपल्या चालीत, कथा मात्र अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या. योसेफाला भाऊ विकतात तिथे आजोबांचा आवाज बसायचा.

@माळरान, तुम्ही तोंड उघडा. आजोबांनी भावाला कधी विचारलं नाही की तुला माझा हिस्सा हवा होता का. विचारलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच मला माहीत आहे.

पारिजात
मीठभाकर, तुमचं आयडी आज कळलं.

ओसरी
विकण्यावरून आठवलं. योसेफाला विकायची कल्पना यहूदाची. तो म्हणतो, "भावाला मारून आपल्याला काय मिळणार?" नफा किती, एवढाच हिशोब. वीस रुपयांना, म्हणजे वीस रौप्य नाण्यांना, भाऊ गेला. पण तोच यहूदा चव्वेचाळिसाव्या अध्यायात मिसरच्या अधिकाऱ्यापुढे उभा राहून म्हणतो, धाकट्या बन्यामिनाऐवजी मला गुलाम ठेवा, पोराला बापाकडे जाऊ द्या. तो अधिकारी योसेफच असतो. मला वाटतं स्वार्थी निवड करणाऱ्याला हा ग्रंथ दुसरी संधी देतो. लोटालाही दिली होती.

गणितमास्तर
कुठे दिली?

ओसरी
चौदाव्या अध्यायात. चार राजांनी सदोम लुटलं, लोट बायकामाणसांसकट धरला गेला. काका ३१८ माणसं घेऊन पार दमास्कसच्या उत्तरेपर्यंत पाठलाग करतो आणि सोडवून आणतो. आता तरी डोंगरावर परत यायला काय हरकत होती? पुन्हा सदोमातच गेला. आधी खोऱ्यात तंबू, मग गावात बिऱ्हाड, आणि एकोणिसाव्या अध्यायात वेशीत बसलेला, म्हणजे गावातला बसत्या-उठत्यातला माणूस. निवड एकदाच झाली नाही. तो दर वेळी तीच करत गेला.

काका मात्र सदोमच्या राजाला म्हणाला, तुझा दोरा किंवा जोड्याचा बंदसुद्धा घेणार नाही. मिसरातून गुरं घेऊन आलेला हाच माणूस. तोही शिकला असेल. @गणितमास्तर, हे तुमच्या खात्यात जमा करा.

गणितमास्तर
जमा केलं. पण मग सदोमासाठी देवाशी घासाघीस करताना तो लोटाचं नाव का घेत नाही? पन्नास नीतिमान असले तर, पंचेचाळीस, चाळीस, तीस, वीस, दहा. 'माझा पुतण्या तिथे आहे' असं एकदाही म्हणत नाही.

शब्दवेडी
मी याकडे उलटं पाहते. नाव घेतलं असतं तर तोही 'आपल्यासाठी' मागणं झालं असतं. तो परक्या गावासाठी मागतो. पुतण्या त्यात आहे हे देवाला सांगावं लागत नाही.

जास्वंद
सगळी चर्चा पुरुषांच्या निवडीची चालली आहे. तुम्ही ज्या लोटाला आतिथ्यशील म्हणाल त्याने दारात जमलेल्या जमावाला पाहुण्यांऐवजी आपल्या दोन मुली देऊ केल्या. त्यांना कुणी डावं-उजवं विचारलं होतं? पुढे त्याच मुली गुहेत बापाला दारू पाजून जे करतात ते वाचताना मला त्यांचा राग येत नाही. त्यांना वाटलं की जगात पुरुष उरलाच नाही. त्यांच्या बापाने त्यांना जगाचा एवढाच भाग दाखवला होता.

आणि ताटातूट म्हणाल तर खरी ताटातूट हागारेची. साराय आपल्याला मूल नाही म्हणून दासीला नवऱ्याकडे पाठवते, मूल राहिल्यावर छळते, ती रानात पळून जाते. इसहाक झाल्यावर तर सरळ म्हणते, या दासीला आणि हिच्या मुलाला घालवून द्या, वारसा वाटला जायला नको. अब्राहामाला वाईट वाटतं. तरी सकाळी लवकर उठून भाकरी आणि पाण्याची मसक तिच्या खांद्यावर देतो आणि लावून देतो. श्रीमंत माणूस, शेकडो जनावरं, आणि मुलाच्या आईला एक मसक! बैरशेबाच्या रानात पाणी संपलं. मुलाला झुडपाखाली टाकून ती बाणाच्या टप्प्यावर जाऊन बसली, कारण त्याचं मरण बघवेना. पुतण्याला अर्धा मुलूख देणारा माणूस इथे कुठे गेला?

मला हे क्षमा करता येत नाही. जो सोडून जातो त्याच्यावर अध्यायच्या अध्याय, जिला हाकलून दिलं तिला मसक.

मीठभाकर
जास्वंद, बैरशेबा दिमोनापासून अर्ध्या-पाऊण तासावर. उन्हाळ्यात त्या रानात एक मसक दुपारपर्यंत पुरत नाही.

पण एक सांगते. आम्ही रोश हशानाला, नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, सभास्थानात नेमका हाच अध्याय वाचतो. इसहाकाचा जन्म आणि हागारेचं रडणं एकाच वाचनात येतात. आपल्या मूळपुरुषाच्या घरात काय झालं ते वर्षाच्या पहिल्या दिवशी सगळ्यांनी मोठ्याने ऐकायचं. कुणी ते लपवलं नाही.

जास्वंद
हे माहीत नव्हतं. ऐकून बरं वाटलं.

व्यवस्थापक_२
चर्चा छान चालली आहे. कुणाच्याही श्रद्धेबद्दल किंवा आजच्या तिथल्या राजकारणाबद्दल इथे नको, त्यासाठी वेगळे धागे आहेत.

नदीकाठ
परत गुरांकडे येतो. बायबलमधलं 'गणना' हे पुस्तक, अध्याय बत्तीस. रऊबेन आणि गाद या वंशांकडे गुरं फार. यार्देनच्या पूर्वेचं रान पाहून ते मोशेला म्हणतात, आम्हाला नदीपलीकडे नेऊ नका, हेच द्या. लोटासारखंच, चारा पाहून पूर्व! मोशे चिडतो: भावांनी लढायचं आणि तुम्ही इथे बसायचं? तेव्हा ते म्हणतात, आम्ही इथे गुरांसाठी वाडे आणि मुलांसाठी नगरं बांधतो आणि सगळ्यांच्या पुढे लढायला येतो. मोशे मान्य करतो, पण उत्तर देताना क्रम बदलतो: मुलांसाठी नगरं बांधा आणि मेंढरांसाठी वाडे.

मुलं आधी, मेंढरं मागून. एवढंच, ओरडला नाही. मी ते वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. माझ्या मुलाच्या शाळेच्या वर्षी मी गाई घेतल्या होत्या.

पण बघा, इथे मागणी मान्य झाली. फरक एवढाच की त्यांनी तोंडाने मागितलं, शिव्या खाल्ल्या, आणि भावांचं काम संपेपर्यंत बरोबर राहिले. पुढे अश्शूरच्या राजाने ज्यांना आधी उचलून नेलं त्यांत हेही होते, ते वेगळं.

टिवल्याबावल्या
इसहाकाचे जुळे मुलगे याकोब-एसाव कुणी काढले नाहीत अजून? एसावाने डाळीच्या वाटीवर ज्येष्ठपण याकोबाला विकलं, त्याहून स्वस्त वाटणी नाही!

ओसरी
@टिवल्याबावल्या, काढा की, पण शेवट वाचा. वीस वर्षांनी एसाव ४०० माणसं घेऊन समोर येतो. याकोब घाबरून कळपच्या कळप भेट पाठवतो. एसाव पळत येऊन गळ्यात पडतो आणि म्हणतो, "माझ्याजवळ पुष्कळ आहे, भाऊ, तुझं तुला राहू दे." आणि छत्तिसाव्या अध्यायात तोच सेईर डोंगरावर निघून जातो. कारण जवळजवळ तेच दिलेलं, की दोघांची मालमत्ता एवढी होती की एकत्र राहता येईना, गुरांमुळे रान पुरेना. तेराव्या अध्यायाचंच वाक्य परत. या वेळी मात्र ज्याला फसवलं तोच वाट सोडून बाजूला झाला. आणि बापाला पुरायला दोघे भाऊ एकत्र आले होते. वेगळं होणं आणि तुटणं या दोन गोष्टी आहेत.

गणितमास्तर
मग लोट तुटला का? गुहेत बापापासून त्या मुलींना जी मुलं झाली त्यांचे पुढे मवाब आणि अम्मोन हे वंश झाले, आणि अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात त्यांना मंडळीत घेऊ नका असा नियम आहे. दहाव्या पिढीपर्यंतसुद्धा. म्हणजे तुटलाच.

शब्दवेडी
त्याच अनुवादाच्या दुसऱ्या अध्यायात देव मोशेला सांगतो, मवाबाला छेडू नका, तो मुलूख मी लोटाच्या वंशजांना दिलाय. इतक्या शतकांनी, नावानिशी. आणि मग रूथ आहे.

रूथचं पुस्तक चारच अध्यायांचं आहे. बेथलेहेमात दुष्काळ पडतो, अलीमलेख बायको नामी आणि दोन मुलगे घेऊन मवाबात जातो. पुन्हा तेच, पोटासाठी पूर्वेला. तिथे तो आणि मुलगे मरतात. नामी परत निघते, सुनांना म्हणते माहेरी जा, तुमचं भलं त्यातच आहे. अर्पा रडून सासूचा मुका घेते आणि परत जाते. तिला कुणी नावं ठेवत नाही, ग्रंथही नाही. रूथ मात्र बिलगून राहते. तुम्ही जिथे जाल तिथे मी येईन, जिथे मराल तिथे मरेन. हा जो 'बिलगणे' शब्द आहे तो लोटाच्या कथेच्या बरोबर उलटा. लोट डोंगरावरून खोऱ्यात उतरला, ही लोटाची लेक खोरं चढून डोंगरावर आली, पदरात काहीही नसताना.

गावात एक जवळचा नातेवाईक असतो. जमीन सोडवून घ्यायला तयार होतो. पण त्याबरोबर रूथशी लग्न करावं लागेल हे कळल्यावर म्हणतो, नको, माझ्या वतनाचं नुकसान होईल. या माणसाचं नावच दिलेलं नाही. हिब्रूत त्याला 'पलोनी अल्मोनी' म्हटलंय, आपल्या भाषेत अमका-तमका. वतन राखायला निघाला आणि नाव गेलं. बवाज तिला घेतो, त्यांचा नातू इशाय, आणि इशायाचा मुलगा दावीद. मवाबी बाईचा पणतू राजा होतो. तेविसाव्या अध्यायातला नियम पुरुषांना लागू, बायकांना नाही, असा अर्थ पुढे धर्मपंडितांनी लावला.

काका-पुतण्याची भेट झाली नाही असं मी वर लिहिलं. त्यांच्या वंशांची झाली, बेथलेहेमच्या सातूच्या शेतात.

पारिजात
"वतन राखायला निघाला आणि नाव गेलं." शब्दवेडी, हे वाक्य मी आईला वाचून दाखवलं.

जास्वंद
आणि हे सगळं एका सुनेने आणि सासूने केलं, याचीही नोंद असू द्या.

मीठभाकर
नोंद आहे. आम्ही रूथ शाबुओथला वाचतो, गव्हाच्या सुगीच्या सणाला.

नदीकाठ
@माळरान, तुमचं काय झालं? वाटणी झाली का?

माळरान
रविवारी गेलो होतो. शब्दवेडींनी ते 'एक शब्द बोलत नाही' लिहिलं होतं ना, ते आणि मीठभाकर यांच्या आजोबांची गोष्ट, दोन्ही डोक्यात घेऊन गेलो.

नकाशा तिथेच होता, फडताळात, तशीच घडी. मी उघडला नाही. आधी सरळ सांगितलं की मला कालव्याची बाजू हवी आहे, मुलांच्या शिक्षणाचं कर्ज आहे, माळावर मला जमणार नाही. सांगताना घसा कोरडा पडला. मग विचारलं, "काका, तुम्हाला काय हवंय?" इतक्या वर्षांत मी हे विचारलंच नव्हतं.

ते बराच वेळ गप्प होते. काकू आतून चहा घेऊन आल्या, कप ठेवून तिथेच उभ्या राहिल्या. मग म्हणाले, कालवा घे, त्याचं काही नाही. पण विहिरीजवळचा आंबा आजोबांनी लावलाय, दुपारचं तिथे बसायची सवय आहे. आंबा कुणाच्याही वाट्याला जावो, मला तिथे खाट टाकता आली पाहिजे.

वाटणीपत्रात विहीर सामाईक लिहायचं ठरलंय. मी म्हटलं आंब्याचंही लिहू. काका म्हणाले ते लिहायचं नसतं. काकू म्हणाल्या, लिहा.

मोजणी पुढच्या मंगळवारी आहे.